मुलांची पॅलिएटिव्ह केअर शिकवताना या चुका टाळा

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी. वॉर्ड पोस्टिंगच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीने चार्टवर लिहिलं, 'वेदना 0'. हाडाचा कॅन्सर झालेला आठ वर्षांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून गप्प पडून होता. मी तिला दहा मिनिटं त्याच्याजवळ नुसतं बसायला लावलं. कूस बदलताना त्याने चादर मुठीत आवळली, श्वास रोखला आणि परत निपचित पडला.

मूल रडत नाही म्हणजे दुखत नाही, ही सगळ्यात मोठी चूक. वेदना मोजायच्या फ्लॅक स्केलमध्ये चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं यांना प्रत्येकी 0 ते 2 गुण देऊन 10 पैकी स्कोअर काढतात. पण बरेच दिवस दुखणारं मूल हालचालच थांबवतं, मग स्कोअर कमी येतो. चेहऱ्यांचं चित्र दाखवलं तर काही मुलं मुद्दाम हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतात, कारण 'दुखतंय' म्हटलं की सुई टोचणार! म्हणून आधी सांगा, औषध तोंडाने देणार आहोत. आणि आईला विचारा, "एरवी हा कसा असतो?" तिचं उत्तर स्कोअरइतकंच महत्त्वाचं.

औषधाचं म्हणाल तर 'दुखलं की द्या' ही सवय मोडायला हवी. सतत दुखत असेल तर साधं तोंडाने द्यायचं मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेल्या डोसमध्ये, साधारण दर चार तासांनी, घड्याळ बघून द्यायचं असतं. सोबत पहिल्या दिवसापासून बद्धकोष्ठतेचं औषध. हे हमखास राहून जातं आणि मग पोट फुगलं, की दोष मॉर्फिनवर येतो.

पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचे दिवस, असंही शिकवू नका. ती निदानापासून, उपचारांच्या बरोबरीने चालते.

बोलण्याचा सराव मात्र वर्गात फारच कमी होतो. "सिस्टर, मी घरी कधी जाणार?" असं त्या आठ वर्षांच्या मुलाने विचारल्यावर माझी विद्यार्थिनी पटकन म्हणाली, "लवकर बरा होशील हं." तो गप्पच झाला. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "घरी गेल्यावर आधी काय करशील?" तो तिच्याकडे वळला. शेळीला पिल्लू झालंय, ते बघायचं होतं त्याला.

आणि मूल गेलं, तर विद्यार्थिनींना लगेच पुढच्या खाटेकडे पाठवू नका. पंधरा मिनिटं एकत्र बसा. रडू आलं तर येऊ द्या, त्यावर गुण कापू नका.