पाजताना एका हाताने पुस्तक वाचायचं असेल तर

पाजताना एक हात बाळाच्या मानेखाली अडकतो. नवं पुस्तक उरलेल्या हातात उघडं राहत नाही, कारण बऱ्याच कादंबऱ्यांची पानं शिवलेली नसतात, कण्याला नुसती चिकटवलेली असतात. मधूनच जोराने उलगडलं की कण्याला तडा जाऊन पानं सुटतात. म्हणून आधी कणा सैल करून घ्यावा. पुस्तक टेबलावर कण्यावर उभं धरून पुढचं मुखपृष्ठ खाली टेकवा, मग मलपृष्ठ. नंतर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आठ-दहा पानं बोटाने हलकी दाबत मध्यापर्यंत या. एवढं केलं की अंगठा आणि करंगळीत पुस्तक नीट बसतं.

तरीही मिटलं तर वाचून झालेल्या पानांना कपड्यांचा चिमटा लावा. दिवाळी अंक मात्र एका हातात धरायच्या फंदात पडू नये; शेजारी उशीवर तिरका ठेवावा.

रात्री मोठ्या दिव्याने बाळ टक्क जागं होतं. पुस्तकाला लावायचा पिवळसर उजेडाचा छोटा दिवा घ्या, पण चार्जिंगचाच. बटण-सेलच्या दिव्याला माझा ठाम विरोध आहे: तो सेल बाळाने गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते.

डोळे जड झाले की आधी बाळ पाळण्यात, उताणं. सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी लागणं फार धोक्याचं, फटीत तोंड दबून श्वास कोंडतो.

वाचन कधीही तुटणार, म्हणून खुणेला चिकट चिठ्ठी बरी. ती नेमक्या ओळीखाली लावता येते.