फिशटँकचं पाणी सुधारताना आधी केएच बघा

पीएच (पाणी किती आम्लधर्मी, त्याचं माप) 6 वर आला की लोक दुकानातून ‘पीएच अप’ची बाटली घेऊन येतात. त्याआधी केएच मोजा. पाण्यातलं बायकार्बोनेट किती, ते केएच सांगतो आणि पीएचला टेकू तोच देतो. फिल्टरमधले जिवाणू अमोनिया पचवताना हे बायकार्बोनेट संपवत राहतात. बरेच दिवस पाणी बदललं नाही तर टेकू निघतो आणि पीएच घसरतो. केएच मोजायच्या किटमध्ये 5 मिली पाण्यात थेंब टाकत जायचं, निळ्याचं पिवळं होईपर्यंत. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे केएचची एक डिग्री. पहिल्याच थेंबाला पिवळं झालं तर केएच संपल्यात जमा.

पुण्यात नळाचं पाणी खडकवासल्याचं, तुलनेनं मृदू. बोअरचं मात्र बहुधा जड, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसवणारं. गुरुवारी पाणी बंद असलं की सोसायटीच्या टाकीत टँकर नाहीतर बोअर मिसळतं, म्हणजे शुक्रवारची बादली बुधवारच्या बादलीसारखी नसते. म्हणून बादलीतलं पाणीही मोजा, पण एक दिवस ठेवून; ताज्या पाण्याचा पीएच फसवा येतो.

क्लोरीन घालवायला 10 ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि दर 10 लिटरला त्यातलं 10 मिली घाला. नळाच्या नेहमीच्या क्लोरीनला एवढं पुरतं.

आता केएच वाढवायचा. खाण्याचा सोडा वापरा. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. हिशेब सोपा: 100 लिटरला 3 ग्रॅम सोडा म्हणजे एक डिग्री. दोन फुटी टँक (2 × 1 × 1) कागदावर साधारण 57 लिटरचा, पण खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी साधारण 45 लिटर. केएच 1 वरून 4 वर न्यायचा तर लागतो 4 ग्रॅम, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा थोडा कमी. हा तीन दिवसांत विभागून, रोज साधारण पाव चमचा. मगभर टँकच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून फिल्टरच्या धारेखाली हळूहळू ओता. कोरडी पूड माशांवर टाकू नका.

इथे एक सापळा आहे. कमी पीएचला अमोनियाचं बहुतांश अमोनियम असतं, जे फार घातक नाही. पीएच 7 ला 25 अंश तापमानात विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास, 8 ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे घसरलेल्या टँकमध्ये एकदम सोडा ओतला तर पीएच चढतो आणि मासे सोड्याने नाही, अमोनियाने मरतात. तेव्हा आधी अमोनिया तपासा. निघाला तर सोडा थांबवा, खाणं बंद करा आणि रोज 10-15 टक्के पाणी बदला, शक्यतो पीएच फार चढा नसलेलं. मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर हवेचा पंप जोरात सोडा.

उलट बाजूला, बोअरच्या पाण्याचा पीएच खाली आणायला लिंबू किंवा व्हिनेगर घालू नका. केएच जास्त असेल तर पीएच दोन दिवसांत परत वर चढतो आणि हा झोका माशांना जास्त बाधतो. केएच 14 असलेल्या पाण्यात तेवढंच आरओचं पाणी मिसळलं की 7 होतो. पण आरओच्या वाया जाणाऱ्या नळीतलं पाणी नाही हं. त्यात क्षार आणखी साठलेले असतात. गप्पी-मोली पाळत असाल तर हा खटाटोप करूच नका, त्यांना जड पाणी मानवतं. निऑन टेट्राला मृदू हवं.

एप्रिल-मेमध्ये पाणी आटतं, क्षार मागे राहतात. आटलेली भर आरओच्या पाण्याने घाला. बोअरने घालत राहिलात तर महिनाभरात किटमधले थेंब वाढलेले दिसतील.