जुनी स्वस्त गिटार पारखताना

मी सुतार, वऱ्हाडातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या गिटारी माझ्याकडेच दुरुस्तीला येतात. जुनी घ्यायची तर पॉलिशला भुलू नका. आधी मधल्या भोकाची कड बघा. थरावर थर दिसले तर प्लायवूड. आवाज जरा दबका, पण आपल्याकडच्या मे महिन्यात सलग फळीला चीर जाते, प्लाय तग धरतं.

मग मान. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे) एकाच वेळी दाबा. मधल्या पडद्यांपाशी तारेखाली पोस्टकार्ड जेमतेम जाईल एवढीच फट हवी. तार सोडल्यावर ती 12व्या पडद्यापासून 3 मिमीपेक्षा जास्त उंच असेल तर बोटं सोलून निघतील. स्वस्त जुन्या गिटारींत बरेचदा मान सरळ करायची सळई नसतेच, मग पाना घेऊन काय करणार?

मग घोडी, म्हणजे पोटावरची तारा पेलणारी पट्टी. तिच्या मागच्या कडेखाली कागद सरकवा. आत गेला तर घोडी उखडतेय. तारा शेवटच्या टोकाला पत्र्यात अडकवल्या असतील, तर मात्र घोडी नुसती टेकलेलीच असते. हलली म्हणजे खराब नव्हे. (दुकानदाराला हे ठाऊक नसेल तर भाव पाडून बघा!)

उखडलेली घोडी पांढऱ्या गोंदानं चिकटवली असेल तर मी ती गिटार घेत नाही. उन्हात तो गोंद ताणाखाली हळूहळू सरकतो. टिनाच्या खोलीत ठेवणार असाल तर उन्हाळाभर तारा सैल ठेवा.