पेरामाला कामाला येताय? आधी एन्सिमा समजून घ्या

माझगाव डॉकला किंवा गोव्याच्या एखाद्या यार्डात काम केलेला माणूस ग्रीसमधल्या पेरामाला येतो, तेव्हा त्याच्या डोक्यात एक मोठं गेट असतं. एक कंपनी, एक मस्टर, महिनाअखेर एक पगारपत्रक. इथे तसं काही नाही. अथेन्सचं बंदर असलेल्या पिरेआसच्या पश्चिमेला, एगालेओ डोंगराच्या पायथ्याशी किनाऱ्याला लागून जहाजदुरुस्तीचा पट्टा आहे. सगळे त्याला 'झोनी' म्हणतात. धक्के आणि तरंगत्या गोद्या बंदराच्या मालकीच्या, पण जहाजावर काम करणारे ठेकेदार वेगवेगळे. पायपिंगचा एक, प्लेट बदलणारा दुसरा, सँडब्लास्टिंगचा तिसरा, परांची बांधणारा चौथा. ठेकेदाराला इथे 'एर्गोलावोस' म्हणतात. जहाज संपलं की त्याचं काम संपलं, आणि तुमचंही. पुढचं जहाज आलं की कदाचित दुसऱ्याच माणसाकडे रुजू व्हायचं.

एवढी एक गोष्ट नीट कळली तर बाकीचं सगळं सोपं जातं. आपली मुलं फसतात ती इथेच. मालक सतत बदलतो, म्हणून कागद कोण लावतंय याकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि तो मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. ग्रीसमध्ये तुम्ही जितके दिवस कायदेशीर काम करता, तितक्या दिवसांचा विमा तुमच्या नावावर जमा होतो. त्या एकेका दिवसाला 'एन्सिमो' म्हणतात, अनेक असले की 'एन्सिमा'. तुमचं दवाखान्याचं कव्हर, आजारपणाचा भत्ता, बेकारभत्ता, पेन्शन आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण, सगळं या एन्सिमांवर उभं असतं. ठेकेदार म्हणतो, "कागद नको, रोख देतो, दिवसाला जास्त सुटतील." आपल्या मुलांना तो हिशोब लगेच पटतो, कारण गावाकडे कर्ज असतं आणि एजंटचे पैसे फेडायचे असतात. पण असे रोखीचे दिवस सरकारच्या लेखी घडलेलेच नसतात.

रायगडकडचा एक मुलगा असाच रोखीवर पायपफिटर म्हणून लागला होता. परांचीवरची फळी सरकली, खाली पडला, मनगट मोडलं. त्याला दवाखान्यात नेलं आणि इकडे ठेकेदाराने घाईघाईने त्याचं नाव त्याच दिवसाच्या तारखेने ऑनलाइन लावलं, म्हणजे कागदावर तो कामाच्या पहिल्याच दिवशी पडला. त्याआधीच्या सगळ्या दिवसांचा पुरावा कुठे? व्हॉट्सअॅपवरचे चार मेसेज. हाताचं प्लास्टर निघालं, पण भत्त्याला पुरेसे दिवस निघाले नाहीत, आणि परवान्याची वेळ आली तेव्हा तिथेही तेच दिवस कमी पडले. मुलगा कामाचा, निर्व्यसनी, वेल्डिंगही सुंदर करायचा. शेवटी परत गेला.

म्हणून कामाला हात लावण्याआधी तुमची नियुक्ती 'एर्गानी' या सरकारी प्रणालीत नोंदवलेली पाहिजे. त्या अर्जाला 'एप्सिलोन-३' म्हणतात. तो काम सुरू होण्यापूर्वी भरायचा असतो, नंतर नाही. त्याची प्रत मागा. मागायला लाजू नका, ग्रीक कामगारही मागतात. तुमच्याकडे कराचा नंबर 'आफिमी' आणि सामाजिक विम्याचा नंबर 'आमका' आला की टॅक्सिसनेट या करखात्याच्या वेबसाइटचे कोड काढून घ्या. मग 'माय-एर्गानी'मध्ये तुमचं नाव कुणाकडे, किती तासांसाठी लावलंय ते स्वतः बघता येतं. चार तास लावून आठ तास राबवून घेण्याचा प्रकार सर्रास चालतो, तो तिथे लगेच उघड होतो. 'एफ्का' म्हणजे विमा निधी, त्याच्या पानावर एन्सिमा दिसतात. थोडे उशिरा चढतात, पण चढलेच पाहिजेत. जहाज सुटायच्या आत बघा. एकदा जहाज गेलं आणि ठेकेदाराचा फोन बंद लागायला लागला की तुम्ही कुणाच्या दारात उभे राहणार? तक्रारीसाठी १५५५ हा नंबर आहे.

आणखी एक. जहाजदुरुस्तीच्या बऱ्याच कामांचे एन्सिमा 'वारेआ', म्हणजे कष्टाच्या आणि आरोग्याला घातक कामाचे, या वर्गात मोडतात. त्यांचा हप्ता जास्त असतो आणि पेन्शनला ते उपयोगी पडतात. म्हणूनच काही ठेकेदार वेल्डरला कागदावर साधा मदतनीस दाखवतात. तुमच्या नावापुढे कोणतं काम लिहिलंय तेही वाचा. ग्रीक अक्षरं येत नसतील तर शिका. चोवीस अक्षरं आहेत, देवनागरी शिकलेल्या माणसाला एक आठवडा पुरतो. आपल्याकडचे काही जण इथे वर्षानुवर्षं राहून बसच्या पाट्यासुद्धा वाचत नाहीत आणि सगळं एखाद्या 'ओळखीच्या' माणसाकडून करून घेतात. तो ओळखीचा माणूस बहुतेक वेळा आपलाच असतो, प्रत्येक फॉर्ममागे पैसे घेतो आणि तुमचे टॅक्सिसनेटचे कोडही स्वतःकडे ठेवतो. कोड कुणालाही देऊ नका. फॉर्मसाठी 'केप' नावाची सरकारी केंद्रं आहेत, तिथे बहुतेक कामं फुकट होतात.

कामाच्या सुरक्षेचं सांगतो. २४ जुलै २००८ रोजी झोनीमध्ये दुरुस्तीला आलेल्या 'फ्रेंडशिप गॅस' या टँकरवर स्फोट झाला, ८ कामगार गेले. पेरामात आजही कुणाला विचारा, तो दिवस लोकांना आठवतो. टाकीत किंवा टाकीच्या जवळ आग लावायची, म्हणजे वेल्डिंग, कटिंग, अगदी ग्राइंडिंगसुद्धा करायचं, तर आधी केमिस्टने गॅस मोजून 'गॅस-फ्री' दाखला दिलेला पाहिजे. दाखला असतो त्या टाकीचा आणि त्या वेळेचा. सकाळी दिलेला दाखला दुपारी पाइप उघडल्यावर चालत नाही, आणि शेजारच्या टाकीला तर तो कधीच लागू नसतो. फोरमन घाई करील, "कालच मोजलंय, घाल टॉर्च" म्हणील. घालू नका. काम गेलं तर गेलं.

बॅलास्टच्या, म्हणजे जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात त्या, बंद टाक्यांचा धोका वेगळा. तिथे वास येत नाही, गॅस नसतो, म्हणून मुलं निर्धास्त उतरतात. पण बंद टाकीतला गंज हवेतला ऑक्सिजन खातो. माणूस शिडीवरून दोन पावलं उतरतो आणि गप खाली बसतो. वर उभा असलेला जोडीदार त्याला ओढायला धावतो आणि तोही पडतो. जगभरच्या यार्डात अशा दोन-दोन, तीन-तीन माणसांच्या मौती झाल्या आहेत. हवा मोजल्याशिवाय, पंखा लावल्याशिवाय आणि तोंडाशी माणूस उभा केल्याशिवाय उतरायचं नाही. सख्खा भाऊ आत पडला तरी श्वासाचा संच लावल्याशिवाय मागे जायचं नाही.

उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली की गेली काही वर्षं कामगार मंत्रालय दुपारी १२ ते ५ उघड्यावरची कामं बंद ठेवायचा आदेश काढतं, त्यात जहाजदुरुस्तीही येते. तापलेल्या डेकवर भरउन्हात उभं करत असतील तर हा आदेश दाखवा.

युनियनबद्दल एजंट सांगतात, "लाल झेंडेवाल्यांपासून लांब राहा, परवाना जाईल." हे साफ खोटं आहे. झोनीतली मेटल कामगारांची युनियन परदेशी कामगारांनाही आपलं मानते. रोजाचा दर, सुरक्षा, थकलेले पैसे, यासाठी ठेकेदारासमोर उभं राहणारं दुसरं कुणी इथे नाही. संपाच्या दिवशी तुम्ही आत घुसून काम केलंत तर ग्रीक मास्तोरे (कसबी कारागिरांना इथे मास्तोरास म्हणतात) ते विसरत नाहीत, आणि विसरूही नये. दोन पैशांसाठी फाटकातून मागच्या बाजूने आत जाणारे आपल्यातलेच काही पाहिले आहेत, मला त्यांचा मनापासून राग येतो.

लोक कसे आहेत? मोठ्याने बोलतात, पटकन चिडतात, पटकन निवळतात. घरी कोण कोण आहे, आई कशी आहे, हे पहिल्या आठवड्यातच विचारतात. ईस्टरला कुणी जेवायला बोलावलं तर जा. मांस खात नसाल तर आधी सांगा, वाईट वाटून घेत नाहीत. पण या भागाने वाईट दिवसही पाहिले आहेत. २०१२ मध्ये पेरामातच इजिप्शियन मच्छीमारांच्या घरावर 'गोल्डन डॉन' या नवनाझी पक्षाच्या लोकांनी रात्री हल्ला केला. २०१३ मध्ये शेजारच्या केरात्सिनीत पाव्लोस फिसास या गायकाचा त्यांच्याच माणसाने खून केला. २०२० मध्ये कोर्टाने त्या पक्षाला गुन्हेगारी संघटना ठरवलं. दर सप्टेंबरला केरात्सिनीत फिसासच्या स्मरणार्थ मोर्चा निघतो, हजारो ग्रीक लोक चालतात. मला या गावाबद्दल जी माया आहे ती त्या माणसांमुळे.

राहायला जागा वर डोंगरावर स्वस्त मिळते. चढ आणि पायऱ्या खूप, बऱ्याच घरांना ओल असते, भिंत हाताने चाचपून बघा. भाडेकरार ऑनलाइन नोंदवलेला असला पाहिजे आणि तो तुम्ही टॅक्सिसनेटवर स्वीकारायचा. नोंद नसेल तर पत्त्याचा पुरावा नाही, मग परवाना अडतो. विजेच्या बिलात नगरपालिकेचे करही येतात, तेव्हा आकडा बघून घाबरू नका. एका खोलीत आठ जण राहू नका. दुपारी ३ ते साडेपाच शेजाऱ्यांची झोपेची वेळ, उन्हाळ्यात तो कायदाच आहे. त्या वेळी ड्रिल चालवाल तर पोलीस येतील.

काही जण समोर सलामिना बेटावर राहतात. पेरामाहून पालुक्याला फेरी रात्रंदिवस चालू असते, पंधरा-एक मिनिटांत पार. इ.स.पू. ४८० मध्ये याच खाडीत ग्रीकांनी इराणी आरमार बुडवलं. पण फेरीवरून मोबाइल काढून फोटो घेताना जपा. बेटावर नौदलाचा तळ आहे आणि ग्रीसमध्ये लष्करी ठिकाणांचे फोटो काढणं हा गुन्हा आहे. रील करायच्या नादात चौकशीला बसू नका.

जेवणाचं फार काही सांगायची गरज नाही. आठवड्याच्या बाजारात, 'लाइकी'त, बंद होण्याच्या वेळेला जा, भाव उतरतात. उन्हाळ्यात तिथे 'व्लिता' नावाची पालेभाजी मिळते, तो आपला माठच. लसूण-मिरची घालून परता. भेंडी मिळते, मसूर आणि हरभरे मुबलक. 'गाव्रोस' म्हणजे छोटी मासळी स्वस्त असते, रवा लावून तळा. तूरडाळ, हळद, हिंग यासाठी अथेन्सला ओमोनियाजवळच्या मेनांद्रू रस्त्यावरची पाकिस्तानी-बांगलादेशी दुकानं. बसने पिरेआस, तिथून मेट्रो.

फेरीबोटींची वार्षिक दुरुस्ती हिवाळ्यात निघते, म्हणून त्या दिवसांत काम भरपूर. १५ ऑगस्टच्या सुमारास सगळं थंड पडतं, ठेकेदारही सुटीला बेटांवर जातात. घरी यायचं असेल तर रजा तेव्हाच घ्या. मात्र परवान्याचा अर्ज भरून फक्त पावती हातात असेल, तर विमान दुसऱ्या युरोपीय देशातून घेऊ नका. आधी वकिलाला विचारा, मग तिकीट काढा.