पायावर लाल रेघ चढली तर सकाळची वाट बघू नका

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. ऊस तुटून गेला की रानात कोयत्यानं तिरपे छाटलेले बुडखे राहतात. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, रात्री लाईट आली म्हणून अनवाणीच दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला, गेले आणि बुडखा तळव्यात घुसला. चिखल पुसला, तंबाखूचा चुना दाबला, पाणी पाजून आले. तिसऱ्या दिवशी जांघेत अवधान आलं, म्हणजे दुखरी गाठ सुजली. "पायाला लागलंय, अवधान येणारच," असं सगळेच म्हणाले, मीसुद्धा.

अवधान का येतं ते नीट कळलं असतं, तर आम्ही तेव्हाच उठलो असतो. रक्तवाहिन्यांसारख्याच अंगभर बारीक लसिकावाहिन्या असतात, अंगात पाझरलेलं पाणी परत नेणाऱ्या. जखमेतले जंतू, बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस, त्यातून वर चढतात आणि जांघेतल्या गाठी त्यांना अडवायला सुजतात. वाहिनीच सुजली की घोट्यापासून मांडीकडे लाल रेघ दिसते. गाठींनाही आवरलं नाही, तर पुढं रक्तच.

म्हणून जखम झाली की आधी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणानं पाच-दहा मिनिटं धुवा. चुना, हळद, बिब्बा काही लावू नका. बिब्ब्यानं तर कातडी भाजते. स्वच्छ कापड बांधा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते विचारा. शुगर असेल तर दुखण्याच्या भरवशावर राहू नका, रोज तळवा उजेडात बघा.

मग सकाळ-संध्याकाळ पाय तपासा. सावळ्या कातडीवर रेघ पटकन दिसत नाही. हाताची पालथी बाजू घोट्यापासून वर फिरवा. एखादा पट्टा गरम लागला, दाबल्यावर दुखला, तर तीच रेघ समजा. लाली दिसत असेल तर तिच्या कडेनं बॉलपेननं खूण करा आणि शेजारी वेळ लिहा. हे मला दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलं. भाऊजींच्या पोटरीवर तिनं निळी रेघ ओढून "११.३०" लिहिलं आणि दर दोन तासांनी टॉर्च मारून बघत राहिली.

रेघ दिसली, किंवा अवधानाबरोबर थंडी वाजून ताप आला, तर त्याच रात्री निघा. खूण करताय म्हणून घरी थांबू नका. तापाच्या गोळीनं ताप उतरला तरी जंतू तिथंच असतात. माणूस असंबद्ध बोलायला लागला, धाप लागली, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर जंतुसंसर्ग रक्तात भिनला असेल असं समजून लगेच १०८ ला फोन करा, ती गाडी फुकट येते. वाटेत पाय चोळू नका, गाठ शेकू नका, पाय उशीवर उंच ठेवा.

दवाखान्यात जखम कधी झाली, कशानं झाली, कोणती गोळी घेतली, सगळं सांगा. चुना लावला असेल तर तेही, लाजू नका. भाऊजींचं रक्त आधी तपासायला घेतलं, मग सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. पहाटे लाली निळ्या रेघेच्या दोन बोटं खाली आली होती. ती बघून सासूबाई पहिल्यांदा चहा प्यायल्या. पुढं घरी दिलेल्या गोळ्या भाऊजी तिसऱ्याच दिवशी सोडायला निघाले होते. मी पाकीट माझ्याकडे घेतलं आणि शेवटच्या गोळीपर्यंत हातावर ठेवून दिली. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या तर दुखणं उलटतं, आणि असं वारंवार झालं तर पायाची सूज कायमची राहू शकते.

आता मोटरच्या पेटीखाली त्यांचे गमबूट असतात. लाईट आली की आधी ते पायात, मग बटण.