टायकानच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीची तुलना साताऱ्यात राहून कशी करावी

पोर्शे कंपनीने टायकान ही विजेवर चालणारी स्पोर्ट्स कार सप्टेंबर 2019 मध्ये सादर केली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तिची सुधारित आवृत्ती जाहीर केली. सांगाडा तोच ठेवून बॅटरी, मागची मोटर आणि चार्जिंगची यंत्रणा मात्र बदलली, त्यामुळे शेजारी उभ्या केलेल्या दोन गाड्यांतला खरा फरक डोळ्यांना फारसा दिसत नाही. वापरलेली जुनी घ्यावी की नवी, हे ठरवताना माहितीपत्रकातले दोन रकाने समोर ठेवून मोठा आकडा निवडण्यापेक्षा, त्यांतला कोणता आकडा आपल्या रस्त्यावर आणि आपल्या चार्जरवर खरोखर उपयोगी पडतो, हे तपासावे.

सुरुवातीला एकाच प्रकारच्या गाड्या समोरासमोर ठेवाव्यात. जुन्या टायकानमध्ये दोन आकारांच्या बॅटऱ्या मिळत होत्या. लहान बॅटरीची जुनी गाडी आणि मोठ्या बॅटरीची नवी गाडी अशी तुलना केली, तर निष्कर्ष चुकणारच. मोठ्या बॅटरीची वापरण्याजोगी क्षमता जुन्या गाडीत 83.7 किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत 83.7 युनिट होती, ती आता 97 युनिट झाली आहे. डब्ल्यूएलटीपी या युरोपीय चाचणीत मागच्या चाकांवर चालणाऱ्या मूळ मॉडेलचा कमाल पल्ला याच बॅटरीवर 503 किलोमीटरवरून 678 किलोमीटरवर गेला. आता पल्ल्याला युनिटने भागावे: जुनी गाडी एका युनिटमध्ये सुमारे 6 किलोमीटर जाते, तर नवी सुमारे 7. बॅटरी साधारण 16 टक्क्यांनी वाढली आणि पल्ला मात्र 35 टक्क्यांनी, याचा अर्थ निम्म्याहून अधिक सुधारणा मोटर, टायर आणि विजेच्या काटकसरीतून आलेली आहे. संपूर्ण तुलनेत मला हाच आकडा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो प्रत्येक प्रवासात आणि प्रत्येक चार्जरवर उपयोगी पडतो.

चाचणीतला पल्ला महामार्गावर तसाच मिळत नाही, म्हणून त्यातून चौथा हिस्सा वजा करून हिशेब मांडावा. सातारा-पुणे अंतर सुमारे 110 किलोमीटर आहे. जाऊन-येऊनचा हा प्रवास दोन्ही गाड्या घरच्या चार्जिंगवर सहज करतील आणि त्यासाठी नवीचे जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. मुंबईला जाऊन त्याच दिवशी परतायचे असेल, तर जुनीला वाटेत निश्चित थांबावे लागेल. नवीचा हिशेब अगदी काठावर येतो, त्यामुळे तिच्यासाठीही एक थांबा गृहीत धरणे शहाणपणाचे ठरेल.

चार्जिंगच्या आकड्यांशी मात्र विशेष सावधपणे वागावे. जुनी गाडी कमाल 270 किलोवॅटने चार्ज होते आणि 10 ते 80 टक्क्यांसाठी साडेएकवीस मिनिटे घेते. नवी 320 किलोवॅटपर्यंत जाते आणि तेच काम 18 मिनिटांत करते. हे आकडे तेवढ्या ताकदीच्या 800 व्होल्टच्या चार्जरवरच खरे ठरतात. आपण नेहमी थांबतो तो चार्जर 60 किलोवॅटचा असेल, तर जुनीला याच टप्प्यासाठी सुमारे 59 युनिट म्हणजे तासभर लागेल आणि नवीला 68 युनिट म्हणजे तासाहून आठ मिनिटे अधिक लागतील. म्हणून टक्क्यांची तुलना न करता, पंधरा मिनिटांत किती किलोमीटर मिळतात ते पाहावे: वरच्या हिशेबाने जुनीला 90, तर नवीला 105. तेव्हा निर्णयाआधी आपल्या वाटेवरच्या चार्जरवर लिहिलेले किलोवॅट आणि व्होल्ट स्वतः जाऊन वाचून यावेत.

घरी दोन्ही गाड्यांचा मूळ एसी चार्जर 11 किलोवॅटचा आहे आणि त्यासाठी थ्री-फेज जोडणी लागते. महावितरणच्या बिलावरचा ‘मंजूर भार’ पाहून तो आधी वाढवून घ्यावा. रिकामी बॅटरी भरायला दोघींनाही जवळपास अख्खी रात्र लागते.

ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या विजेची कमाल मर्यादा 290 किलोवॅटवरून 400 किलोवॅटवर गेली आहे आणि घाटात राहणाऱ्या माणसाला हा आकडा साहजिकच भुरळ घालतो. कासहून यवतेश्वरच्या घाटाने साताऱ्यात उतरताना गाडी साधारण साडेचारशे ते पाचशे मीटर खाली येते. गाडीचे वजन माणसांसह 2,200 किलो धरले, तर या उतरणीतली सगळी ऊर्जा मिळून जेमतेम तीन युनिट भरते. शंभर मीटरला आठ मीटर उताराच्या रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेग राखण्यासाठी सुमारे 20 किलोवॅटचेच ब्रेकिंग लागते, जे दोन्ही गाड्या सारख्याच सहजतेने करतात. वाढीव मर्यादा अतिवेगात जोराने ब्रेक दाबणाऱ्याला, म्हणजे रेसट्रॅकवर, उपयोगी आहे.

वेगाचेही तेच. टर्बो एस मॉडेल 0 ते 100 चा वेग आता 2.8 ऐवजी 2.4 सेकंदांत गाठते. आपल्या रस्त्यांवर हा फरक अनुभवण्याची जागा नाही आणि शोधूही नये.

त्यापेक्षा खाली वाकून गाडीचे पोट पाहावे. नव्या आवृत्तीत सर्व मॉडेलना एअर सस्पेन्शन, म्हणजे हवेच्या दाबाने गाडी उंच करता येणारी यंत्रणा, मूळचीच आहे. जुन्या मूळ मॉडेलमध्ये ती जादा पैसे देऊन घ्यावी लागे. गावोगावच्या उंच गतिरोधकांचा विचार करता, एअर सस्पेन्शन नसलेली जुनी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी मी ती घेण्याचा सल्ला देणार नाही. कमी विजेत गाडी आतून उबदार ठेवणारा हीट पंपही जुन्यात ऐच्छिक होता, तेव्हा गाडीची मूळ उपकरणयादी मागून घ्यावी.

जुनीच पसंत पडली, तर बॅटरीच्या हमीचे किती दिवस उरले आहेत ते मोजावे. ही हमी 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर, 70 टक्के क्षमतेसाठी असते. पुढच्या ब्रेकच्या होजला (लवचिक नळीला) तडे जाण्याच्या शक्यतेवरून 2024 मध्ये तोवर विकलेल्या टायकान जगभरातून तपासणीसाठी परत बोलावल्या गेल्या होत्या. ते काम झाल्याची नोंद चॅसी क्रमांकावरून अधिकृत सेवाकेंद्रात पडताळून, बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा लेखी अहवाल हाती आल्यावरच विसार द्यावा.