नवे ब्लेड घातले तरी वायपर थरथरतोय? आर्म बघा

वळवाची पहिली सर आली की पुण्यात कितीतरी गाड्यांचे वायपर टरटरायला लागतात. मग नाना पेठेतून नवे ब्लेड येतात, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच आवाज सुरू होतो. दोष बहुधा ब्लेडचा नसतोच. तो काचेवरच्या मळाच्या थरात तरी असतो, नाहीतर आर्मच्या, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या धातूच्या दांड्याच्या, पिळात.

आधी यंत्रणा समजून घ्या. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या टोकाशी 12 व्होल्टची मोटर असते. तिचा वर्म गिअर वेग उतरवतो, क्रँक आणि जोडदांड्या गोल फिरण्याचं रूपांतर इकडून तिकडे झुलण्यात करतात. स्विच बंद केल्यावरही वायपर मध्येच न थांबता खाली येऊन बसतो, कारण गिअरच्या घरातला पार्क स्विच तोवर मोटरला करंट देत राहतो. म्हणून नेहमी आधी वायपर बंद, मग चावी. आर्म मध्येच अडकला असेल तर हातानं ढकलू नका. वर्म गिअर उलटा फिरत नाही, दांडीचा सांधा मात्र निखळतो.

ब्लेड बदलणं दोन मिनिटांचं काम आहे: दोन्ही बाजूंची लांबी बहुधा वेगवेगळी असते, ती मोजून घ्या आणि क्लिप दाबून जुनं काढा. ब्लेड निघालं की काचेवर जाड टॉवेल टाका. उघडा आर्म स्प्रिंगच्या जोरानं आपटला की काचेला तडा गेलाच म्हणून समजा.

आता काच. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारा एकच फडका सगळ्या गाड्यांच्या चाकांवरून आणि काचांवरून फिरवतो. त्यात वॉशिंग सेंटरचं मेण आणि समोरच्या ट्रकनं उडवलेला तेलकट चिखल. शाम्पूनं धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल मायक्रोफायबरच्या कापडावर घेऊन पुसा. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग त्यानं जात नाहीत. त्यासाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून सावलीत पाच-दहा मिनिटं लावून ठेवा आणि धुऊन टाका. काच साफ झाली की नाही ते पाणी ओतून बघा: सलग पसरलं तर साफ, जागोजागी फाटलं तर थर अजून आहे. (काचेवर मुद्दाम पाणी झटकणारं कोटिंग केलं असेल, तर ही परीक्षा लागू नाही.) तंबाखू चोळण्याचा जुना घाटातला उपाय पाणी घटकाभर पसरवतो, पण मागे नवा थर ठेवतो. रबराला खोबरेल तेल लावलं तर काच धुरकटते, आणि सँडपेपर मारला तर रबराच्या धारेवरचा गुळगुळीत लेप जातो. दोन्ही नकोत.

एवढं करूनही थरथर राहिली, तर आर्म. इथेच बहुतेकांचं अडतं आणि गॅरेजवालेही सरळ नवं ब्लेड विकून मोकळे होतात.

रबराची धार काचेवर ओढली जायला हवी, ढकलली जाता कामा नये. वायपर वर जाताना धार मागे, म्हणजे खालच्या बाजूला रेललेली असते. खाली येताना ती पलटून वर रेलते. आर्म जरा जरी पिळला गेला असेल, तर एका दिशेला धार पलटतच नाही. मग ती काचेत रुतते, सुटते, रुतते, सुटते. तोच तो टरटर आवाज. आर्म पिळतो तो ब्लेडला धरून ओढल्यानं, किंवा त्यात अडकलेलं गाडीचं कव्हर हिसकल्यानं.

ओळखायचं सोपं आहे. दोन्ही दिशांना थरथर असेल तर काच खराब किंवा रबर कडक. एकाच दिशेला असेल तर आर्म पिळलेला. खात्री करायला काच ओली करा, वायपर मंद वेगावर वर जात असताना काचेच्या मध्यावर चावी बंद करा आणि टॉर्च लावून ब्लेडच्या टोकाकडून धार बघा. मग खाली येताना तसंच थांबवून बघा. दोन्ही वेळा धार एकाच बाजूला रेललेली दिसली की दोष सापडला.

सुधारताना ब्लेड काढा आणि आर्म उभा करा. दोन ॲडजस्टेबल पाने घ्या, जबड्यांत कापड ठेवा. एक पाना स्प्रिंगच्या सांध्यापुढे घट्ट धरा, दुसरा हूकच्या (आर्मच्या ज्या टोकाला ब्लेड अडकतं त्याच्या) अलीकडे लावून पिळा. एकाच पान्यानं पिळलंत तर सगळा जोर सांध्यावर आणि आर्म ज्यावर फिरतो त्या शाफ्टवर जातो. दिशा अशी: ज्या बाजूला जाताना थरथरतो, धार त्याच बाजूला झुकलेली असते, पीळ तिच्या उलट द्यायचा. आणि किती? डोळ्याला जेमतेम कळेल एवढाच, दोन-तीन अंश. ब्लेड लावा, काच ओली करा, बघा, लागलं तर पुन्हा थोडासा. उलट बाजूला थरथरायला लागलं म्हणजे जास्त झालं. मागच्या काचेचा प्लॅस्टिकचा आर्म पिळू नका, तुटेल, तो बदलायचाच.

उरला वॉशर, म्हणजे नोझलच्या बारीक भोकांतून काचेवर पाणी उडवणारा पंप. इंजिन बंद, चावी ऑन, स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी ओढा आणि कान द्या. पंपाची मोटर गुणगुणते पण पाणी नाही: आधी टाकी बघा, मग बॉनेटच्या बिजागरीपाशी नळी निसटली किंवा दुमडली आहे का ते. नोझलजवळची नळी काढून पुन्हा ओढा. तिथून धार आली तर नोझल तुंबलाय. तो बारीक तारेनं मोकळा करा आणि उलट्या बाजूनं फुंका. आवाजच नाही: फ्यूज, मग पंपाचा कनेक्टर, मग पंप. पंप टाकीच्या बुडाशी रबरी बुशात नुसता दाबून बसवलेला असतो. ओढून काढा, बुशातली चाळणी धुवा. कोरडा पंप दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका.

टाकीत कपड्यांची पावडर टाकायची नाही. फेस होतो आणि नोझल तुंबतात. आरओचं पाणी आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात वॉशर लिक्विड घाला. बर्फाळ देशांतले गोठणरोधक सल्ले पुण्यात कामाचे नाहीत. गोळीवाल्या (भोक फिरत्या गोळीत असलेल्या) नोझलची दिशा टाचणीनं फिरते. उभ्या गाडीत धार काचेच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला पडेल अशी लावा; वेगात वाऱ्यामुळे ती खालीच येते.